नर्सिंग होमचं रेकॉर्ड कागदावरून कॉम्प्युटरवर नेताना

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या पंधरा-वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये "आता सगळं डिजिटल करायचं" असं ठरलं की आठवड्याभरात स्कॅनरचं कोटेशन टेबलावर येतं. पोटमाळ्यावरच्या जुन्या फायली सगळ्यांच्या डोळ्यांत खुपत असतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून होते आणि काम तिथेच रुतून बसतं. हिशेब करून बघा. दहा हजार भरतीच्या फायली, प्रत्येकीत सरासरी चाळीस पानं धरली तर चार लाख पानं झाली. स्कॅनरच्या खोक्यावर मिनिटाला तीस पानं असं छापलेलं असतं, पण पिना काढणं, दुमडलेले कोपरे उलगडणं, ईसीजीची पट्टी वेगळी करणं, फाइलला नाव देणं हे सगळं धरून एका माणसाकडून दिवसाला हजार पानं झाली तरी पुष्कळ. म्हणजे कामाचे चारशे दिवस. तोवर खाली काउंटरवर रोज नवा कागद तयार होतच राहतो.

म्हणून क्रम उलटा ठेवा. उद्या येणाऱ्या पेशंटची नोंद आधी नीट व्हायला हवी, मग डिस्चार्ज कार्ड, मग लॅब, मग डॉक्टरांच्या नोट्स. जुन्या फायलींचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि त्याही सगळ्या नाहीत.

आधी कागद मोजा

सॉफ्टवेअर बघण्याआधी एक दिवस एका पेशंटच्या मागे फिरा, ओपीडीपासून सुट्टी होईपर्यंतच्या वाटेवर. कुठे कोणता कागद तयार होतो ते लिहून काढा: ओपीडीचा केसपेपर, भरतीचा फॉर्म, इनडोअर केसपेपर, टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्ट, औषधांचा चार्ट, संमतीपत्र, भुलीची नोट, ऑपरेशन नोट, लॅबचे रिपोर्ट, बिल, डिस्चार्ज कार्ड. शिवाय रजिस्टरं वेगळी: भरती, ओटी (ऑपरेशन थिएटर), लेबर रूम, मृत्यू, एमएलसी (पोलिसांना कळवायची प्रकरणं). प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा. कोण भरतो, नंतर कोण वाचतो, आणि कायद्याने तो लागतो का. नाव, वय, पत्ता एका भरतीत किती वेळा लिहिला जातो ते मोजलं की कॉम्प्युटरचा खरा फायदा कुठे आहे ते तिथेच कळतं. जो कागद भरल्यावर कुणीच उघडत नाही, तो कॉम्प्युटरवर नेऊन काय करणार? बंद करता येत असेल तर आत्ताच बंद करा.

काही कागद मात्र कागदच राहणार. सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदीच्या) कायद्यातला एफ फॉर्म सहीनिशी दोन वर्षं जपावा लागतो आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत द्यावा लागतो. गर्भपाताचं भरती रजिस्टर कायद्याने गोपनीय आहे. ते ज्या कॅलेंडर वर्षाचं आहे ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षं ते कुलपात ठेवायचं. हे रजिस्टर सामान्य सॉफ्टवेअरमध्ये उतरवू नका. बिलाच्या यादीत सुद्धा त्या पेशंटचं नाव आणि प्रोसिजर शेजारी-शेजारी रिसेप्शनच्या स्क्रीनवर दिसता कामा नये.

नंबर

सगळ्या कामाचा पाया एका पेशंटला जन्मभराचा एकच नंबर हा आहे. त्याला यूएचआयडी म्हणतात. प्रत्येक भरतीला आयपीडी (भरतीचा) नंबर नवा मिळेल, ओपीडीच्या प्रत्येक खेपेला टोकन नवं मिळेल, पण यूएचआयडी तोच राहील. नंबर साधा, ओळीने वाढणारा असावा. त्यात वर्ष, विभाग, डॉक्टरांची आद्याक्षरं घुसडायचा मोह अनेकांना होतो. पुढे तोच पेशंट दुसऱ्या विभागात गेला की तो नंबर खोटं बोलायला लागतो. मोबाइल नंबरला तर यूएचआयडी कधीच करू नका. खेड्यात एक मोबाइल अख्ख्या घराचा असतो आणि वर्ष-दोन वर्षांत बदलतोही.

नंबरच्या शेवटी एक तपासणी-अंक घालता येतो का, ते सॉफ्टवेअरवाल्याला विचारा. 104527 ऐवजी 105427 दाबलं गेलं तर दुसऱ्याच माणसाची फाइल उघडते, आणि घाईच्या ओपीडीत ते कुणाच्या लक्षात येत नाही. आधीच्या अंकांवरून गणिताने काढलेला शेवटचा अंक असेल तर असा अदलाबदलीचा नंबर सॉफ्टवेअर नाकारतं.

काउंटरवर काय विचारायचं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथली चूक पुढे कुणाला दुरुस्त करता येत नाही. "नवीन की जुने?" हा प्रश्न बाद करा. फॉलो-अपची फी कमी असते म्हणून पेशंट जुना म्हणतो, आणि जुना कागद हरवला असेल तर ओरडा नको म्हणून नवा म्हणतो. त्याऐवजी विचारा, "काकाजी, याआधी तुम्ही किंवा घरचं कोणी इथे आलं होतं का?" उत्तर साधारण असं येतं: "आलो होतो नं बाप्पा मागच्या साली, पोरीच्या बाळंतपणाले." आता मोबाइल नंबर टाकला की त्या घरातली चार नावं स्क्रीनवर येतात आणि हे काकाजी त्यांत आहेत की नाहीत ते दिसतं.

शोधाचा क्रम ठरवून काउंटरवर चिकटवून ठेवा. पहिला मोबाइल. नाही सापडलं तर आडनाव आणि गाव. तरी नाही तर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. तिन्ही शोध रिकामे गेल्यावरच नवीन नोंद. वानखेडे, चौधरी, उईके ही आडनावं इंग्रजीत प्रत्येक जण वेगळी लिहितो. म्हणून शोधताना पहिली तीन-चार अक्षरंच टाका, पूर्ण नाव टाकू नका. नावाची नोंद देवनागरीतही करता येत असेल तर करा. हाक मारायला आणि डिस्चार्ज कार्डावर ती कामी येते.

गावाची यादी सॉफ्टवेअरबरोबर येते ती बहुधा महाराष्ट्रापुरती असते. नागपूरच्या ओपीडीत ती पहिल्याच दिवशी अपुरी पडते, कारण बालाघाट, शिवनी, छिंदवाडा, बैतूल आणि राजनांदगावची माणसं रोज येतात. पांढुर्णा तर 2023 पासून स्वतंत्र जिल्हा आहे. हे जिल्हे आधीच भरून घ्या, नाहीतर काउंटरवरची मुलगी वेळ वाचवायला सगळ्यांना "नागपूर" करून टाकते आणि गावावरून शोधायची सोयच संपते.

वयाचं प्रकरण जरा नाजूक आहे. जन्मतारीख माहीत नसेल तर बरीच सॉफ्टवेअर्स सांगितलेल्या वयावरून 1 जानेवारी ही तारीख आपोआप टाकतात. काही महिन्यांत शेकडो पेशंटांचा वाढदिवस एकच होतो आणि तारखेवरून ओळख पटवणं निरुपयोगी ठरतं. "अंदाजे" अशी खूण करायची जागा हवी. तारीख दिवस-महिना-वर्ष याच क्रमाने छापली जाते का तेही बघा. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन पद्धतीची राहून गेली तर 4 जुलैची तपासणी 7 एप्रिलची होऊन बसते.

लग्नानंतर नाव बदललेल्या बाईची पहिल्या बाळंतपणाची फाइल अनेकदा माहेरच्या नावाने असते. "आधीचं नाव" असा रकाना ठेवा. नवजात बाळाला जन्मताच स्वतःचा यूएचआयडी द्या, नाव "बेबी ऑफ" आणि आईचं नाव असं टाका, जुळं असेल तर एक आणि दोन, आणि आईच्या नंबरशी जोडा. बारशानंतर नाव आलं की त्याच नोंदीत बदलायचं. नव्या नावाने नवी नोंद केली की बाळाच्या लसी एका नंबरवर आणि काविळीचे रिपोर्ट दुसऱ्यावर राहतात. अपघातात बेशुद्ध आलेल्या माणसाची नोंद "अनोळखी पुरुष", तारीख आणि वेळ अशी करायची. ओळख पटली की नाव बदलायचं, नंबर तोच ठेवायचा.

एवढं करूनही दुहेरी नोंदी होणारच. त्या जोडण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा, आठवड्यातून एकदा, दोन्ही फायली शेजारी उघडून. जोडताना जुना नंबर पुसू नये. त्या नंबरवर आलेला रिपोर्ट नव्या नोंदीकडे वळला पाहिजे. चुकून दोन वेगळी माणसं जोडली गेली तर ती परत सुटी करता येतात का, हे खरेदीआधीच करून बघा. बाप-लेकाचं एकच आडनाव, एकच मोबाइल आणि एकच गाव असलं की ही चूक हमखास होते.

आभा

आयुष्मान भारत डिजिटल मिशन, म्हणजे आरोग्याची रेकॉर्ड डिजिटल जोडण्याची केंद्र सरकारची योजना, देशभर सुरू झाली ती 27 सप्टेंबर 2021 ला. त्यातला आभा, म्हणजे पेशंटच्या आरोग्य-खात्याचा नंबर, 14 आकडी असतो आणि तो आधार नंबर नव्हे. आधार किंवा ड्रायव्हिंग लायसन्सवरून तो काढता येतो. पेशंटसाठी तो ऐच्छिक आहे, त्यामुळे आभा नाही म्हणून कुणालाही परत पाठवायचं नाही, आणि आधारची झेरॉक्स फाइलला लावून ठेवायचीही गरज नाही. आभा यूएचआयडीची जागा घेत नाही. तो फक्त यूएचआयडीच्या नोंदीतला एक रकाना आहे. काही पेशंटांकडे तो कधीच नसेल, हे गृहीत धरूनच व्यवस्था लावा.

तुमच्या बाजूने दोन नोंदण्या लागतात: संस्थेची हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीत आणि डॉक्टरांची हेल्थकेअर प्रोफेशनल्स रजिस्ट्रीत. त्यानंतर काउंटरवर क्यूआर कोड लावता येतो. पेशंटने तो आपल्या अ‍ॅपमधून स्कॅन केला की नाव, वय, पत्ता थेट तुमच्या स्क्रीनवर येतो आणि त्याला टोकन मिळतं. टाइपिंगच्या चुका इथे बऱ्याच कमी होतात. तरी वरचा शोध चुकवू नका, कारण हा पेशंट आभा काढण्याआधी तुमच्याकडे येऊन गेलेला असू शकतो.

सॉफ्टवेअरवाला "आमचं आभा-रेडी आहे" म्हणेल. त्याला विचारा, आभा-जोडणीच्या तीन टप्प्यांपैकी कुठले पार केले. एम-वन म्हणजे आभा काढणं आणि तपासणं, एम-टू म्हणजे तुमचे रेकॉर्ड पेशंटच्या संमतीने पुढे देणं, एम-थ्री म्हणजे दुसरीकडचे रेकॉर्ड संमतीने मागवणं. फक्त एम-वनवर थांबलेलं सॉफ्टवेअर पेशंटला त्याचं डिस्चार्ज कार्ड आभावर देऊ शकत नाही.

सॉफ्टवेअर घेताना

फीचरची यादी वाचण्यात वेळ घालवू नका, ती सगळ्यांची सारखीच असते. डेमोला बसलात की चार गोष्टी समोर करून दाखवायला सांगा. एका पेशंटचं सगळं रेकॉर्ड एका बटणात बाहेर निघतं का, आणि सगळ्या पेशंटांचं? एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलीत आणि पीडीएफमध्ये, दोन्ही. उद्या कंपनी बंद पडली किंवा तुमचं पटलं नाही तर हीच फाइल तुमची सुटका करते. करारात "डेटा संस्थेचा, करार संपल्यावर तीस दिवसांत पूर्ण परत" असं वाक्य हवंच. दुसरं, कुणी कधी काय उघडलं आणि बदललं याची नोंद राहते का, आणि ती अ‍ॅडमिनलाही पुसता येत नाही ना. तिसरं, चुकलेली नोंद दुरुस्त केल्यावर आधीची दिसते का. कागदावर आपण एक रेघ मारून सही करतो, खाडाखोड करत नाही. कॉम्प्युटरवरही तेच हवं. चौथं, इंटरनेट बंद करून दाखवा म्हणावं. मग स्क्रीनवर काय होतं ते शांतपणे बघा.

फुकट आणि खुल्या सॉफ्टवेअरमध्ये बहमनीचा विचार जरूर करा. ते छत्तीसगडमधल्या गनियारीच्या ग्रामीण रुग्णालयाच्या गरजेतून घडलेलं आहे, त्यामुळे कमी साधनांत चालणाऱ्या रुग्णालयांना जमतं. फक्त ते बसवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस लागतो. तो नसेल तर फुकट सॉफ्टवेअर महागात पडतं.

काय रकान्यात, काय मजकुरात

सगळंच रकान्यांत कोंबलं तर डॉक्टर वैतागतात, आणि सगळं मोकळ्या मजकुरात ठेवलं तर नंतर काहीच शोधता येत नाही. ज्यावरून पुढे कुणी निर्णय घेणार आहे तेवढंच रकान्यात घ्या: अ‍ॅलर्जी, रक्तगट, चालू औषधं, निदान, आधीची ऑपरेशनं, लॅबचे आकडे. बाकी मजकूर.

अ‍ॅलर्जीच्या रकान्याला तीन उत्तरं हवीत: "आहे, अमुक औषधाची", "विचारलं, नाही" आणि "विचारलं नाही". रकाना नुसता रिकामा असेल तर रात्रीच्या आरएमओला (ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला) तो "नाही" असाच वाटतो. आणि सॉफ्टवेअरने सुरुवातीपासून "नाही" भरून ठेवलं असेल तर ते सगळ्यात धोक्याचं. ते बदलून घ्या.

कागदावरची एक ओळ घ्या: "शुगर 180, मेट 500 चालू". कागदावर डॉक्टरांना ती पुरते. कॉम्प्युटरवर नेताना विचारावं लागतं की 180 उपाशीपोटीचे की जेवणानंतरचे, आपल्या लॅबमधले की घरच्या ग्लुकोमीटरवरचे, कुठल्या तारखेचे, आणि मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅम दिवसातून एकदा की दोनदा. उत्तर माहीत नसेल तर भरणाऱ्याने अंदाजाने भरायचं नाही. ती ओळ जशीच्या तशी मजकुरात टाकायची आणि डॉक्टरांकडे पाठवायची. औषधांच्या यादीत सारख्या दिसणाऱ्या नावांवर बोट घसरतं, म्हणून दोन अक्षरांवर यादी उघडणारं सेटिंग बदलून निदान चार अक्षरांवर करा.

विदर्भात एक रकाना वेगळा हवा तो सिकलसेलचा, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात वाहक आणि रुग्ण दोन्ही भेटतात, आणि "सिकल पॉझिटिव्ह" एवढंच लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एएस म्हणजे वाहक की एसएस म्हणजे रुग्ण, हे त्यातून कळत नाही, कारण सॉल्युबिलिटी चाचणी दोन्हींत पॉझिटिव्ह येते. म्हणून रकान्यात पॅटर्न लिहा आणि तो कशावरून ठरला तेही लिहा: नुसत्या सॉल्युबिलिटीवरून, इलेक्ट्रोफोरेसिसवरून की एचपीएलसीवरून. एसएस पेशंटच्या नोंदीत हायड्रॉक्सीयुरियाचा डोस, रक्त कधी-कधी चढवलं, शेवटचं हिमोग्लोबिन आणि लसी एका पानावर दिसायला हव्यात. हा पेशंट दुखणं घेऊन रात्री येतो आणि तेव्हा फाइल चाळायला वेळ नसतो. हीच माहिती लग्नाच्या बोलणीतही मोडता घालते, म्हणून ती रिसेप्शनच्या स्क्रीनवर मुळीच दिसू नये.

कोणाला काय दिसेल

रिसेप्शनला नाव, वय, पत्ता, अपॉइंटमेंट, बिल. सिस्टरना आपल्या वॉर्डातल्या पेशंटची क्लिनिकल माहिती. लॅबला आपल्या तपासण्या. फार्मसीला औषधं. डॉक्टरांना आपल्या पेशंटचं सगळं, आणि तातडीच्या वेळी दुसऱ्याचंही, पण कारण लिहून. एचआयव्हीच्या फायलीवर लाल खूण करण्याची जुनी सवय कॉम्प्युटरवर लाल पट्टी होऊन येते. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गुप्त ठेवायची जबाबदारी घातलेली आहे, तेव्हा अशी पट्टी नको. सुया-हातमोज्यांची काळजी सगळ्यांच्याच बाबतीत सारखी घ्यायची असते.

प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. नाइट ड्यूटीच्या तिघी सिस्टर एकाच लॉगिनवर काम करत असतील तर पहाटे तीनचं इंजेक्शन कुणी दिलं, हे कुठल्याच नोंदीवरून सिद्ध होत नाही. नोकरी सोडली की त्याच दिवशी लॉगिन बंद. रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरवणं थांबवणं सगळ्यात अवघड जातं. ते नुसत्या सूचनेने थांबत नाही. डॉक्टरांना मोबाइलवर सॉफ्टवेअरमधूनच रिपोर्ट दिसण्याची सोय केली की आपोआप कमी होतं.

2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा रुग्णालयांनाही लागू आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि अंमल टप्प्याटप्प्याने होतो आहे. माहिती सुरक्षित ठेवण्यात हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. वीस खाटांवाल्याला एवढा होईल असं नाही, पण "आम्ही लहान आहोत" ही सबब चालत नाही.

लाइन, ऊन आणि बॅकअप

मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा सर्व्हरची खोली म्हणजे जिन्याखालची बंद कोठडी असेल तर मशीन आपणहून बंद पडतं. तिथे एसी हवा, कुलर नको. कुलरची दमट हवा सर्किटवर बसते आणि कागदही ओला करते. रेकॉर्ड रूममध्ये कुलर लावला की फायलींना बुरशी आणि स्कॅनरमध्ये दोन-दोन पानं चिकटून जाणं, दोन्ही सुरू होतं. तळघर टाळा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा तळघर आणि तळमजल्यावरच्या सामानाचं काय होतं ते शहराने पाहिलं आहे.

यूपीएस फक्त कॉम्प्युटरला लावून भागत नाही. राउटर, स्विच आणि फायबरची डबी यांनाही त्याच यूपीएसवर घ्या, नाहीतर लाइन गेल्यावर कॉम्प्युटर चालू आणि इंटरनेट बंद. दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड राउटरमध्ये राखीव असू द्या. तरीही बंद पडेल तेव्हासाठी प्रत्येक वॉर्डात छापील फॉर्मचा एक गठ्ठा ठेवा, अनुक्रमांक घातलेला. सिस्टम सुरू झाली की चोवीस तासांत त्या नोंदी आत घालायच्या, मूळ वेळ लिहून आणि "नंतर भरली" अशी खूण करून. अनुक्रमांकात खंड दिसला की एक फॉर्म कुठेतरी राहिला हे कळतं.

बॅकअपच्या तीन प्रती: एक चालू मशीनवर, एक वेगळ्या डिस्कवर, एक इमारतीबाहेर. त्यातली निदान एक नेटवर्कपासून तोडलेली असावी. 23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा एवढ्या मोठ्या संस्थेला कित्येक दिवस कागदावर काम करावं लागलं. सतत जोडलेली बॅकअप डिस्क अशा हल्ल्यात मूळ डेटाबरोबरच लॉक होते. दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून एक पूर्ण फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. "बॅकअप सक्सेसफुल" असा मेसेज रोज येत असतो आणि प्रत्यक्षात डिस्क भरून गेलेली असते. हल्ला झालाच तर कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची सरकारी यंत्रणा) कळवणं बंधनकारक आहे.

सुरू करण्याचा दिवस

पावसाळ्यात, डेंग्यूच्या गर्दीत सुरू करू नका. फेब्रुवारी बरा, आणि सोमवार नको, बुधवार-गुरुवार बघा. त्या दिवशी अपॉइंटमेंट नेहमीच्या निम्म्या ठेवा.

कागद आणि कॉम्प्युटर दोन्ही समांतर चालवायचे तर दोन आठवडे, त्यापुढे नाही. दोन्हीकडे भरायचं म्हटलं की दोन्हीकडे अर्धवट भरलं जातं आणि खरी नोंद कुठली, यावरून वाद होतात. ठरलेल्या तारखेला प्रत्येक चालू केसपेपरवर "यापुढील नोंद कॉम्प्युटरवर" असा शिक्का मारा, वेळ आणि सही घाला. डॉक्टर टाइप करत नसतील तर हट्ट धरू नका. लेखनिक द्या, किंवा हातानं लिहिलेली नोट त्याच दिवशी स्कॅन करून जोडा. नोट मागच्या दिवसावरून कॉपी करण्याची सोय शक्यतो बंदच ठेवा. नाहीतर टाके काढून झाल्यावरही पुढचे चार दिवस "टाके स्वच्छ" येत राहतात.

आता जुन्या फायली

जो जुना पेशंट परत येतो त्याचीच फाइल त्या दिवशी काढा आणि फक्त कामाची पानं स्कॅन करा: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट, बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटच्या तपासण्या. टीपीआर चार्ट नको. डायलिसिस, कॅन्सर, हृदय, सिकलसेल असे जन्माचे पेशंट असतील तर त्यांच्या फायली ते येण्याची वाट न पाहता घ्या.

हस्ताक्षराला स्कॅनरची बारकाई 300 डीपीआय ठेवा. निव्वळ काळा-पांढरा मोड वापरला तर पेन्सिलची नोंद आणि फिकट शिक्का उडून जातो, तेव्हा ग्रेस्केल किंवा रंगीत घ्या. कोरी पानं आपोआप गाळणारं सेटिंग बंद करा, ते मागच्या बाजूची पुसट नोंदही कोरी समजतं. पान साधारण 400 केबीचं धरलं तर चार लाख पानांनाही 160 जीबीच लागते, तेव्हा जागा वाचवायला दर्जा कमी करण्यात अर्थ नाही. फाइल पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपण्यासाठीच्या पीडीएफ) प्रकारात ठेवा. नाव यूएचआयडी, कागदाचा प्रकार आणि तारीख यांवरून द्या, पेशंटच्या नावावरून नाही.

ईसीजी आणि थर्मल कागदावरचे रिपोर्ट सगळ्यात आधी, कारण ते आपोआप फिके होतात. ते लॅमिनेट करायला जाऊ नका, उष्णतेने पट्टी काळी पडते. प्लास्टिकच्या पाकिटातही अक्षरं उडतात. एक्स-रेची फिल्म साध्या स्कॅनरवर येत नाही. तिचा लेखी रिपोर्ट घ्या, आणि यापुढे सेंटरकडून डायकॉम फाइल (मूळ डिजिटल चित्र) मागा.

स्कॅनआधी पानांच्या बाजू मोजून कव्हरवर आकडा लिहा, पीडीएफमधला आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे. शिवाय दर दहावी फाइल दुसऱ्याने पूर्ण उघडून बघायची: पान उलटं, अर्धं कापलेलं, दुसऱ्याच पेशंटचं. शेवटची चूक सगळ्यात वाईट आणि ती आकडा जुळला तरी राहते.

कागद कधी काढायचा

स्कॅन झालं म्हणून मूळ कागद लगेच काढून टाकता येत नाही. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार भरती पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं जपायचं, आणि पेशंटने मागितल्यास 72 तासांत द्यायचं. लहान मुलांचं रेकॉर्ड ते सज्ञान होऊन पुढे आणखी तीन वर्षं ठेवणं शहाणपणाचं. एमएलसी आणि कोर्टात असलेली प्रकरणं निकाल पक्का होईपर्यंत हलवायची नाहीत. कोर्टात कॉम्प्युटरमधली प्रत द्यावी लागली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदलली नाही हे दाखवणारा, तिच्यावरून काढलेला आकडा) लिहावं लागतं. ते स्कॅनच्या वेळीच काढून ठेवलं तर नंतर धावपळ होत नाही.

मुदत संपलेल्या फायली रद्दीवाल्याला विकायच्या नाहीत. नाव, निदान आणि मोबाइल नंबर असलेल्या कागदात फुटाणे बांधलेले इतवारीच्या बाजारात दिसले तर ती माहिती तुम्हीच बाहेर सोडलेली असते. आडव्या-उभ्या दोन्ही बाजूंनी कापणारा श्रेडर घ्या, किंवा लगदा करणाऱ्याकडे आपला माणूस उभा करून पाठवा. त्याआधी यादी करा: यूएचआयडी, आयपीडी नंबर, भरतीची तारीख, मुदत संपल्याची तारीख. यादीवर डॉक्टरांची सही, नष्ट करताना हजर असलेल्या दोघांच्या सह्या आणि तारीख घ्या. ती यादी मात्र कायम ठेवायची.